हलक्या रेसला मिसिंग

दि. ४ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आईचं आणि तुझं बरं असेल असं धरून चालते आणि सरळ कामाचं लिहिते, रागावू नकोस. तू दिलेली मोटारसायकल झटके द्यायला लागली आहे.

तुला माहीतच आहे, यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. इस्पितळापर्यंतच्या रस्त्याची खाणीच्या ट्रकांनी पार चाळण केली आहे. बस मोठ्या रस्त्यावरून जाते, तिथवर यांना चालवत नाही. एकदा भाड्याच्या गाडीत घातलं तर त्या दाटीत यांचा जीव घुसमटला, अर्ध्या वाटेत उतरावं लागलं. म्हणून मोटारसायकल. मी यांना मागे बसवते, जुनी शाल दोघांच्या कमरेभोवती गुंडाळून गाठ मारते आणि डोक्यावर अंड्यांची पाटी असल्यासारखी हळू नेते. अंग इतकं हुळहुळं झालंय की एक खड्डा जोरात बसला तरी हे कळवळतात.

आणि नेमकं हळू चालवलं की गाडी बिघडते! रेस जोरात पिळली तर मारुतीसारखी पळते, काही म्हणून कुरकुर नाही. हलक्या हाताने रेस धरली की ठसका लागल्यासारखी अडखळते, मरगळते आणि मग एकदम पुढे उडी मारते. प्रत्येक उडीला यांचं कपाळ माझ्या पाठीवर आपटतं. जोरात नेलं तर रस्ता मारतो, हळू नेलं तर गाडी मारते. मी करू तरी काय?

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला दाखवली. तो गाडीवर बसला, धूर काढत गल्लीच्या टोकापर्यंत भन्नाट गेला, भन्नाट आला आणि म्हणाला, ताई, गाडीत काही नाही. मी म्हटलं, अरे बाबा, हळू चालवून बघ. तर हसायलाच लागला. हळू चालवायला कोण येतं त्याच्याकडे!

शेजारी फोन आहे, पण मागच्या वर्षीच्या तापाने तुझे कान नेले, तेव्हा फोनवर ओरडून काय उपयोग. म्हणून हे पत्र. आईला सोडून तुला येता येणार नाही, हेही कळतं. दादा, तिथे बसूनच काहीतरी सांग. माझं दुसरं कोणी नाही विचारायला.

आईच्या पाया पडते. तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
तुझी ठकू

*

दि. १० जानेवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी चिडलो. बहिऱ्या माणसाला गाडीचा आवाज विचारणं म्हणजे चेष्टाच की गं. तुला माहीत आहे, मी सगळं कानांनी करायचो. गिऱ्हाईक गल्लीत वळलं की मी हातातला चहा खाली ठेवायच्या आत सांगायचो, टॅपेट वाजतंय की चेन. आता समोर इंजिन चालू असलं तरी मला नुसतं थरथरणारं लोखंड दिसतं. गॅरेजचं शटर त्यापायीच ओढलं. तुझं पत्र दोन दिवस फळीवर ठेवून दिलं होतं, खोटं कशाला बोलू.

मग आई म्हणाली, म्हणजे तिने ओठ हलवले आणि मी वाचले, की पोरीला उत्तर दे. ती हल्ली मला कधी काका म्हणते, कधी भाडेकरू समजते. परवा चूल पेटवून दार उघडं टाकून निघाली होती. तिच्यावरून नजर काढता येत नाही, कारण दाराची कडी वाजलेली मला ऐकू येत नाही. पण तू मात्र तिच्या पक्की ध्यानात आहेस. म्हणून लिहायला बसलो.

आता माझे कान तू. मी विचारीन तेवढंच बघायचं आणि दिसेल तसंच लिहायचं. स्वतःची अक्कल मध्ये घालायची नाही. लहानपणी रेडिओ उघडून तीन स्क्रू उरवलेस, ते मी विसरलेलो नाही.

पहिलं, गाडी तापल्यावर प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग बघ. काळा, तपकिरी की पांढरा. दुसरं, झटके (आम्ही मेकॅनिक त्याला मिसिंग म्हणतो) सुरू झाले की चोक अर्धा ओढून बघ, झटके वाढतात की कमी होतात. तिसरं, झटके कधी येतात आणि कधी येत नाहीत, तेही लिही. बाकी कशाला हात लावू नकोस. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर रोगही सापडत नाही आणि औषधही कळत नाही.

जावईबापूंना म्हणावं, माकडाच्या पिल्लासारखे बायकोच्या पाठीला चिकटून बसा आणि मान सैल सोडा. उत्तर लगेच टाक.

तुझ्यावर जीव असलेला, आणि आता तुझ्याच कानांवर विसंबलेला,
दादा

*

दि. १५ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू चिडलास ते बरं झालं. तू चिडलास की मला धीर येतो. गेलं वर्षभर तुझी जी गुळमुळीत पत्रं येत होती, त्यांनीच घाबरले होते.

प्लगचं टोक पांढरंफटक आहे, चुना फासल्यासारखं. चोक अर्धा ओढला तर झटके जवळजवळ थांबतात. मी मुद्दाम दोनदा करून बघितलं. मधल्या काळात त्या मेकॅनिकनेच कार्बोरेटर खोलून धुऊन दिला. त्यानंतरची एक खेप अगदी सुखाची झाली. मला वाटलं, सुटलो बाई. पुढच्या खेपेला पुन्हा तेच!

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मलाच चक्रावून टाकतं. मी एकटी औषधं आणायला, भाजी आणायला जाते तेव्हा गाडी लोण्यासारखी चालते, मग कितीही हळू चालवा. हे मागे बसले की झटके. दोघांचं वजन पेलत नाही का रे तिला? पण यांचं वजन ते काय उरलंय! माझ्यापेक्षा हलके झालेत.

परवा अर्ध्या रस्त्यात, खाणीच्या वळणावर गाडी बंदच पडली. किक मारून मारून माझा पाय सुजला. हे शालीची गाठ सोडून दगडावर बसले आणि म्हणाले, जाऊ दे, आज नको जाऊया. मी म्हटलं, वेड लागलंय का तुम्हाला. शेवटी एका ट्रकवाल्याने ढकलून चालू करून दिली, पण इस्पितळात पोचेपर्यंत आमची वेळ टळली होती आणि मशीन दुसऱ्याला लागलं होतं. तसेच परत आलो. दुसऱ्या दिवशी यांचे पाय असे फुगले की बोट दाबलं तर खळगा तसाच राहत होता. डॉक्टरीणबाई मला बोलल्या. एक खेप चुकली तर निभावेल, पण असंच होत राहिलं तर पाणी छातीत साचेल आणि मग आमच्या हातात काही राहणार नाही, असं त्या स्पष्ट म्हणाल्या.

दादा, मला रात्रंदिवस तो फुर्र-फुट, फुर्र-फुट आवाज ऐकू येतो. स्वयंपाक करताना, यांचं अंग पुसताना, तोच. मी कोणापुढे रडत नाही. तुझ्यापुढे रडते, कारण तुला ऐकू येत नाही. (हसलास ना? हस.)

हे दिवसभर दारातल्या त्यांच्या घड्याळांच्या टेबलाशी बसून असतात. गिऱ्हाइकं तुटली, तरी जुनी बंद घड्याळं उघडतात आणि लावतात. मी विचारलं की बरं आहे म्हणतात. त्यांचा तुला नमस्कार.

उत्तराची वाट बघत, पोस्टमनच्या सायकलीवर डोळे लावून बसलेली,
ठकू

*

दि. २० जानेवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

शाबास. माझ्या हाताखालच्या एकाही कारागिराने इतकं नीट बघितलं नसतं. आता ऐक.

पांढरा प्लग म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी आणि हवा जास्त. चोक ओढल्यावर सुधारते, म्हणजे तेच पक्कं. कार्बोरेटर धुतलेला आहे, तेव्हा ही फुकटची हवा कुठूनतरी चोरवाटेने आत शिरते आहे. रेस जोरात असली की इंजिन इतकी हवा घेतं की चिमूटभर चोरीची हवा त्यात खपून जाते. रेस हलकी असली की आतली ओढ जोरदार आणि वाट अरुंद, तेव्हा तेवढीच चिमूट घात करते. तुझा तो भन्नाट मेकॅनिक जन्मभर भन्नाट गेला असता, तरी त्याला हे सापडलं नसतं.

इंजिन आणि कार्बोरेटर यांच्या मध्ये एक जाड काळी रबरी नळी आहे. तिच्या दोन्ही टोकांना लोखंडी पट्टी आवळलेली असते आणि प्रत्येक पट्टीला एक स्क्रू. गाडी स्टँडवर लाव, चालू ठेव, साबणाचं पाणी त्या जोडांवर सोड. फेस आत ओढला गेला आणि आवाज बदलला, तर चोर तिथेच. मग तो स्क्रू आवळ. मुलाचं बटण लावल्यासारखा नाही, दात-ओठ खाऊन आवळ.

वजनाने हवा शिरत नाही. एकटी असताना गाडी का चालते हे मला उमगलेलं नाही, आणि न उमगलेली गोष्ट मी कधी सोडून देत नाही. ती बाजूला ठेवू.

परवा शटर अर्धं वर करून माझ्या जुन्या गाडीला हात लावला. इंजिनावर तळवा ठेवला तर हलक्या रेसला थरथर कशी असते ते हाताला कळतं. इतके दिवस उगाच रुसून बसलो होतो. आई शेजारी स्टूलवर बसून मला पाने देत होती, सगळे चुकीचे.

खेप चुकवू नकोस. काहीही कर, पण चुकवू नकोस.
नेहमीसारखा काळजीत,
दादा

*

दि. २८ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सापडला! दादा, सापडला! इंजिनाकडच्या जोडावर साबणाचं पाणी सोडलं आणि सगळा फेस सुळ्ळकन आत गेला, आवाज एकदम पडला. स्क्रू बघितला तर चांगला ढिला. मी तुझं ऐकून दात-ओठ खाऊन आवळला. स्क्रूड्रायव्हर दोनदा सटकला, माझं बोट सोललं आणि स्क्रूच्या डोक्यावरची खाच पार चेचून टाकली मी. तू असतास तर कानाखाली दिली असतीस. पण त्यानंतरच्या दोन्ही खेपा काय सुंदर झाल्या! घोंगडीवर ठेवून नेल्यासारखं नेलं यांना. येताना मी चक्क गुणगुणत होते. हे काही बोलले नाहीत, पण दमले असतील. मी ओवाळून टाकते तुझ्यावरून.

दि. १ फेब्रुवारी

पत्र टाकायचं राहिलं आणि तेच बरं झालं, कारण वरचं सगळं खोटं ठरलंय. काल डायलिसिसचा दिवस. गल्ली ओलांडली आणि पुन्हा फुर्र-फुट. मी तशीच रेटली. पुलाजवळ गाडी बंद. चाचपला तर स्क्रू ढिला, आणि स्क्रूड्रायव्हर घरी. या वेळी ट्रकवालाही नाही. यांना खांद्याचा आधार देत घरी चालत आले, म्हणजे हे चार पावलं चालायचे आणि बसायचे. दुसरी खेप चुकली. आज यांना आडवं झोपता येत नाही, धाप लागते, दारातच त्यांच्या टेबलाशी भिंतीला उशी लावून बसवलंय. चेहरा सुजून डोळे बारीक झालेत.

सकाळी शेजारच्यांनी ढकलत आणून दिलेली गाडी घेऊन औषधं आणायला गेले, तर आपली मजेत चालली! मी वाटेत उतरून स्क्रू बघितला. घट्ट! मी काल हातही लावला नव्हता त्याला. आणि आणखी एक, मी चेचलेली खाच सुद्धा कुठे दिसेना. कड स्वच्छ, गुळगुळीत, नव्यासारखी. माझेच डोळे गेले की डोकं गेलं? मला आता कशाचीच खात्री वाटत नाही. गाडीत भूत आहे म्हणून सांग, तेही मानीन.

मी थकले रे. हे यांना सांगत नाही, तुला सांगते. परवा चहा गाळता गाळता उभ्या उभ्या डोळा लागला.

उद्या शेजाऱ्यांच्या पाया पडून त्यांच्या टेम्पोतून नेणार आहे. पण रोज कोण देईल? लवकर लिही.
हात टेकलेली,
ठकू

*

दि. ७ फेब्रुवारी

श्री. जावईबापूंस,
स. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या नावाने वेगळं टाकतोय. ठकूने विचारलं तर सांगा, माझ्या भिंतीवरच्या घड्याळाचं काम आहे.

स्क्रू आपोआप ढिला होतो हे मी मानतो. इंजिन थरथरतं, स्क्रू फिरतो, हजारदा पाहिलंय. पण आपोआप घट्ट होणारा स्क्रू मी जन्मात पाहिला नाही. तुम्हाला न्यायचं असलं की ढिला, ती एकटी निघाली की घट्ट. असं करायला स्क्रूला पंचांग कळावं लागेल.

तरीही मला वाटलं असतं, कोणी टवाळ पोर असेल. पण त्या खाचेने तुम्हाला पकडून दिलं, जावईबापू. माझ्या बहिणीने चेचलेली कड कोणीतरी बारीक कानशीने सारखी केली. कोणता मेकॅनिक असा नसता उद्योग करतो? आम्ही चेचलेल्या स्क्रूवर हातोडी मारणारी माणसं. चेचलेली खाच बघवत नाही असा माणूस त्या घरात एकच आहे आणि त्याचं टेबल दारात, गाडीपासून हातभर अंतरावर आहे.

मला संताप आला आहे. तुम्हाला तुमच्या जिवाचं काय करायचं ते तुमचं, पण ती बाई त्या गाडीवर असते! तिला महिनाभर मी प्लग काढायला आणि साबणाचं पाणी ओतायला लावतोय, आणि तुम्ही शेजारी बसून बघताय!

मी तिला अजून काही लिहिलेलं नाही. तुम्ही सांगा. तोंडाने सांगा, तिच्याकडे बघून. का केलंत तेही सांगा, कारण ते मला सुद्धा कळलेलं नाही.

रागातही तुमचाच,
ठकूचा दादा

*

दि. १२ फेब्रुवारी

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही ओळखलंत. मला वाटलंच होतं, तुमच्यापर्यंत पत्र गेलं की फार दिवस टिकणार नाही. ती खाच मी नुसती बघून सोडायला हवी होती. तीन दिवस सोडलीही. चौथ्या दिवशी हात राहिले नाहीत.

आधी तुमच्या रागाचं. ती एकटी जाते तेव्हा मी स्वतः स्क्रू आवळतो, ब्रेकची तार बघतो, चाकं दाबून बघतो. दोघं असताना तिने वेग वाढवला तर गाडी चालते, हेही मला ठाऊक होतं. ती हळूच चालवते, म्हणून बंद पडते. तिच्या मायेचाच मी फायदा घेतला. याहून नीच काही नसेल, ते कबूल आहे.

आता का ते. मशीनवरून येतो तेव्हा मी पिळलेल्या फडक्यासारखा असतो. दुसरा दिवस माणसात यायला जातो. तिसऱ्या दिवशी पुन्हा शालीची गाठ, नाहीतर हल्ली शेजाऱ्यांचा टेम्पो. एवढंच उरलंय, जाणं आणि येणं. तेही मी सोसलं असतं. पण ती समोरच्या खोलीत मुलांना शिवण शिकवायची, ते बंद केलं. मशिनीवर चादर टाकली. चहा गाळताना तिचा डोळा लागला, तेव्हा मी बघत होतो. मनगटावर चहा सांडला तरी ती जागी झाली नाही. मी विचारलं की म्हणते, मी ठणठणीत आहे. रोज सकाळी हसून विचारते, निघायचं ना? त्या हसण्यापुढे मला नाही म्हणता येत नाही, दादा. तुम्ही म्हणून बघा. मला नाही म्हणता येत नव्हतं, म्हणून गाडीकडून म्हणवून घेतलं.

आता एक मागणं. तिचा तुमच्यावर देवापेक्षा विश्वास आहे. तुम्ही तिला लिहा की इंजिन संपलं, आतून झिजलं, दुरुस्त होण्यासारखं नाही. एवढं एक वाक्य लिहा. मग कोणी कोणाला नाही म्हणालं असं होणार नाही. ती रडेल, पण स्वतःला दोष देणार नाही. मी शांतपणे जाईन. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी करा.

आईंना नमस्कार. तुमच्या भिंतीवरच्या घड्याळाला वर्षातून एकदा तेल द्या, बाकी त्याला काही झालेलं नाही.

तुमचा,
जावई

*

दि. १७ फेब्रुवारी

चि. ठकूस आणि श्री. जावईबापूंस,
आशीर्वाद आणि नमस्कार, ज्याचं त्याने घ्यावं.

ठकू, हे पत्र जावईबापूंच्या समोर बसून मोठ्याने वाच. एकटी वाचू नकोस. दार लावून घे आणि चुलीवर काही असेल तर उतरवून ठेव.

जावईबापू, तुम्ही मागितलेलं वाक्य मी लिहायला बसलो होतो. खरंच बसलो होतो. तीन कागद फाडले. बरोबर असेल तुमचं, मी कोण, असं वाटलं. पण मी चाळीस वर्षांत चांगल्या इंजिनाला मेलं म्हणून सांगितलेलं नाही आणि आता बहिणीला सांगणार नाही. इंजिन उत्तम आहे. गाडीला काहीही झालेलं नाही. तुमच्या घरात एका माणसाला नको म्हणायचं आहे आणि त्याला ते म्हणता येत नाही, एवढाच बिघाड आहे.

ठकू, इथे थांब आणि त्यांच्याकडे बघ. पुढचं तेच सांगतील. नाही सांगितलं तर पुढे वाच, मी खाली लिहिलं आहे. पण मला वाटतं सांगतील.

माझं एक ऐका दोघं. माझे कान गेले तेव्हा मी सगळ्यांना सांगायचो, मला काही त्रास नाही. आई समोर बसून ताटात जेवण वाढायची आणि मी बरं आहे म्हणायचो. नंतर ती मला ओळखेनाशी झाली आणि मग मला कळलं, की मला फार वाईट वाटतंय हे सांगण्याजोगं माणूसच आता घरात उरलं नाही. तुमच्याकडे अजून आहे. समोर बसलंय. तुम्ही नको म्हणालात तर माझी बहीण मोडून पडेल, मलाही भीती वाटते. पण जे म्हणायचं ते तिला म्हणा, मला किंवा स्क्रूला नको.

जीव टांगणीला लागलेला,
दादा

*

दि. २६ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितेय. हे आत मशीनवर आहेत.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. तू थांब म्हणालास तिथे थांबले. खालचं वाचायची वेळ आली नाही. यांनी माझ्याकडे बघून सगळं सांगितलं, स्क्रूचं, कानशीचं, तुला काय लिहायला सांगितलं त्याचंही. दादा, मी काय काय बोलले ते तुला सांगवत नाही. उभं राहता न येणाऱ्या माणसावर मी घसा फुटेपर्यंत ओरडले. पुलाजवळ चार-चार पावलं चालवत आणलं ते आठवलं आणि वाटलं, याच माणसाने हे केलं! शेजारीण धावत आली, तिलाही हाकलून दिलं.

मग बसले खाली. विचारलं, थांबवायचं आहे का हे सगळं? ते म्हणाले, माहीत नाही, पण तू थकलीस हे मला बघवत नाही. मी म्हटलं, हो, थकलेय. मरणाची थकलेय. पहिल्यांदा म्हटलं मी त्यांना हे. कंटाळा आला, पाठ मोडली, तुमच्या औषधांच्या वासाने मळमळतं, सगळं म्हटलं. त्यांना वाईट वाटेल म्हणून दीड वर्ष गिळून ठेवलेलं. आणि म्हटलं, तरीही मला तुम्ही हवे आहात, आता याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. ते रडले. मीही रडले. जेवण तसंच राहिलं.

यापुढे सकाळी मी हसून विचारायचं नाही, असं ठरलं. मी गाडी बाहेर काढून उभं राहायचं आणि त्यांनी तोंडाने म्हणायचं, चल किंवा नको. पहिल्याच सकाळी, म्हणजे काल, ते नको म्हणाले. मी गाडी आत घेतली. दादा, माझ्या आयुष्यात याहून अवघड काम मी केलेलं नाही. दिवसभर त्यांच्या शेजारी बसून होते. चेहरा सुजत गेला, धाप वाढत गेली. एकदाही चला म्हटलं नाही, जीभ चावून धरली. त्यांनी माझा हात धरून ठेवला होता.

आज सकाळी मी अंगण झाडत होते, तर आतून म्हणाले, चल. मला वाटलं भास झाला. पुन्हा म्हणाले, अगं चल ना, किती वेळ.

आज आमचा दिवस नव्हता. इथली नर्स कुरकुरली, पण त्यांच्याकडे बघून तिने लगेच आत घेतलं. पुढच्या खेपेला काय म्हणतील ते मला माहीत नाही आणि त्यांनाही नाही. मला फार भीती वाटते. वाटेत खाणीच्या वळणावर त्यांचं डोकं माझ्या पाठीवर जड झालं. मान वळवून बघितलं, तर ते झोपले होते. पाठीवर श्वास लागत होता. मग मी रेस आणखी हलकी केली आणि इतकी हळू चालवली की सायकलवाले पुढे गेले. झोप मोडली नाही.

आत बोलवतायत. आईला जवळ घे. लिहीत राहा.
तुझी,
ठकू